पोस्टक्रॉसिंग : पंधरा ऑगस्टच्या शुभेच्छा अनोळखी पत्त्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. पोस्टक्रॉसिंग ही जगभरातल्या अनोळखी माणसांना टपालाने चित्रकार्डं पाठवायची सेवा. ती फुकट आहे, सरळ आहे, आणि आपल्या देशाच्या सणाच्या शुभेच्छा परदेशातल्या माणसाला द्यायच्या असतील तर मी वापरून पाहिलेल्या सगळ्या मार्गांत तिचा नंबर वरचा. मात्र ठरलेल्या माणसाला ठरलेल्या तारखेलाच शुभेच्छा पोचल्या पाहिजेत असा हट्ट असेल, तर हे तिचं काम नाही. पाचापैकी चार.

आता सविस्तर. माझं जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला मेडिकल आहे. दुपारच्या जेवणानंतर चार वाजेपर्यंत गिऱ्हाईक तुरळक. एप्रिल-मेमध्ये तर डोकेदुखीची गोळी घ्यायलाही कुणी उन्हात बाहेर पडत नाही. त्या वेळात मी काउंटरवर कार्डं लिहितो. दुकानातल्या पोराने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "भाऊ, ही कोणत्या कंपनीची स्कीम आहे?" स्कीम नाही म्हणून सांगितलं, तरी त्याचा अजून विश्वास बसलेला नाही. फुकट म्हटलं की आपल्याकडे शंका येतेच, आणि यावीच.

कारभार असा आहे. पाउलो मागाल्यायश या पोर्तुगीज विद्यार्थ्याने १४ जुलै २००५ रोजी ही साइट सुरू केली. आपण नाव नोंदवायचं, टपालाचा पत्ता द्यायचा, स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या. मग कार्ड पाठवायचं बटण दाबलं की संगणक जगातल्या कुठल्या तरी सभासदाचा पत्ता काढून देतो आणि सोबत एक क्रमांक. भारतातून निघणाऱ्या कार्डाचा क्रमांक 'आयएन'ने सुरू होतो. तो कार्डावर लिहायचा, मजकूर लिहायचा, तिकीट लावून टाकायचं. तिकडच्या माणसाने क्रमांक साइटवर नोंदवला की आपल्याला 'हुर्रे' म्हणून मेल येते, कार्ड किती दिवसांत किती किलोमीटर गेलं ते दिसतं, आणि मग आपला पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी निघतो. ज्याला पाठवलं तो आपल्याला पाठवत नाही. हे आमच्या घरात समजावून सांगायला बराच वेळ लागला. लग्नातल्या आहेरासारखं वहीत बघून 'त्यांनी एवढं केलं होतं, आपणही तेवढंच करू' हे इथे नाही. आजवर सात कोटींच्या वर कार्डं अशी पोचली आहेत.

सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं वाटेवर ठेवता येतात. ती पोचत गेली की मर्यादा हळूहळू वाढते. हे मला आवडलं, कारण नवा माणूस उत्साहात पन्नास पत्ते काढून गायब होऊ शकत नाही.

राष्ट्रीय सणाच्या बाबतीत या सेवेची गंमत आणि गोची एकाच ठिकाणी आहे : पत्ता आपल्या हातात नाही. मी एका जुलैत तिरंग्याचं कार्ड मुद्दाम तयार ठेवलं, बटण दाबलं, आणि पत्ता निघाला जपानमधल्या एका निवृत्त शिक्षिकेचा. आता १५ ऑगस्ट जपानमध्ये काय आहे? १९४५ साली त्याच दिवशी दुपारी सम्राटाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. दरवर्षी त्या तारखेला तिथे युद्धात गेलेल्यांसाठी शासकीय स्मृतिसभा असते. शिवाय त्याच सुमारास ओबोन, म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस. आणि माउंटबॅटनने आपल्या स्वातंत्र्यासाठी ही तारीख धरली तीच मुळी जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण होत होती म्हणून. अशा घरात फुगे काढलेलं 'हॅपी इंडिपेंडन्स डे' टाकायचं? मी तिरंगा बाजूला ठेवला, केळीच्या बागेचं कार्ड घेतलं आणि लिहिलं की तुमच्याकडे हे दिवस पितरांचे असतात असं वाचलं. आमच्याकडे त्याच तारखेला सकाळी पोरं पांढरे कपडे घालून प्रभातफेरीला निघतात आणि मी दुकान उशिरा उघडतो. कार्ड पोचल्यावर बाईंची चार ओळींची मेल आली. त्यांच्या आईला ते रेडिओवरचं भाषण आठवायचं. शब्द नीट कळले नव्हते, पण मोठी माणसं रडत होती, एवढं लक्षात राहिलं होतं. फैजपूरला काउंटरवर बसून हे वाचायला मिळालं. व्हॉट्सॲपवर झेंड्याची चित्रं हजारो फिरतात. त्यातल्या एकाला तरी असं उत्तर आल्याचं मला माहीत नाही.

तेच समुद्रापलीकडे दक्षिण कोरियाचा पत्ता निघाला असता तर तिरंगा बिनधास्त गेला असता. त्यांचाही मुक्तिदिन १५ ऑगस्टच, १९४५ चा, आणि मुक्ती जपानपासूनच. युरोपात लिख्टेनश्टाइन म्हणून चिमुकला देश आहे, त्याचाही राष्ट्रीय दिवस हाच. तिथला पत्ता कधी निघेल याची मी वाट बघतोय.

२६ जानेवारीचंही तसंच. आपण ही तारीख प्रजासत्ताकासाठी धरली, कारण १९३० साली याच दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली होती. ऑस्ट्रेलियात हाच दिवस 'ऑस्ट्रेलिया डे'. १७८८ मध्ये इंग्रजांचा पहिला ताफा सिडनीला उतरला आणि झेंडा लागला तो दिवस. तिथल्या मूळ रहिवाशांनी १९३८ पासून हा दिवस शोकदिन म्हणून पाळायला सुरुवात केली, आणि आज अनेक गोरे लोकही त्या दिवशी शुभेच्छा घेत नाहीत. मेलबर्नच्या एका सभासदाने तर स्वतःच्या माहितीतच स्पष्ट लिहून ठेवलं होतं की त्या दिवसाचं काही पाठवू नका, कांगारू चालेल. म्हणून माझा नियम : पत्ता निघाला की आधी त्या माणसाची माहिती शेवटपर्यंत वाचायची, मग पेन उचलायचं. आणि कुणाला त्यांच्या देशाच्या दिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या असतील तर तो दिवस मुळात आहे का ते बघायचं. ब्रिटनला स्वातंत्र्यदिन नाही. त्यांना कुणापासून मिळवायचं होतं म्हणा!

उलट दिशेने जे येतं ते मात्र बसून वाचण्यासारखं. फिनलंडहून आलेलं एक कार्ड मी औषधांच्या रॅकला टाचून ठेवलंय, खोकल्याच्या बाटल्यांच्या वर. चित्रात गडद निळी खिडकी आणि तिच्यात दोन मेणबत्त्या, बस. त्यांचा स्वातंत्र्यदिन ६ डिसेंबर, १९१७ सालचा. पाठवणाऱ्या बाईंनी बारीक, सरळ अक्षरात लिहिलंय की त्या संध्याकाळी सहा वाजता घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात; त्यानंतर सगळा देश टीव्हीसमोर बसतो आणि राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीला आलेले पाहुणे एकामागून एक हात मिळवताना बघतो. 'तासन्‌तास फक्त हात मिळवणं,' असं त्यांनी लिहिलंय, 'आणि आम्ही कपड्यांवर शेरे मारतो.' कार्डाच्या कडेला उरलेल्या जागेत : बाहेर तीन वाजताच अंधार पडलाय. आमच्या सौंनी ते कार्ड वाचून पहिला प्रश्न विचारला, तीन वाजता अंधार म्हणजे स्वयंपाक किती वाजता करतात? मी तो प्रश्न त्यांना मेलने विचारला. उत्तर आलं : पाचला जेवतो.

नॉर्वेवालं कार्ड मे महिन्यातलं. १७ मे १८१४ ला त्यांची राज्यघटना झाली, आणि त्या दिवशी मिरवणूक निघते ती शाळकरी पोरांची. बँड, झेंडे, पारंपरिक पोशाख, आणि पोरांना हवं तेवढं आइस्क्रीम. दुकानातल्या पोराला हे वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "परेड आहे अन्‌ बंदूक नाही?" नाही बाबा. नेदरलँड्समध्ये २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस हाच सण. सगळं गाव नारिंगी, आणि पोरं रस्त्यावर चादर अंथरून आपली जुनी खेळणी विकतात. २७ ला रविवार आला तर सण एक दिवस आधी उरकतात. आपल्याकडे १५ ऑगस्ट रविवारी आला की नोकरदार मंडळी आठवडाभर हळहळतात, त्यांनी या उपायाची नोंद घ्यावी.

पोर्तुगालचा राष्ट्रीय दिवस १० जून. तो कुठल्या लढाईचा नाही, कामोइश या त्यांच्या कवीचा तो स्मृतिदिन. कवी गेला १५८० मध्ये. ज्या देशाने ही साइट दिली त्याची ही गोष्ट मला त्यांच्याच एका सभासदाच्या कार्डावरून कळली. मीही मग पुढच्या एका पोर्तुगीज पत्त्यावर लिहून टाकलं की आमच्या जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, आणि त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या.

आपण काय लिहायचं हा खरा प्रश्न. कार्डाची अर्धी बाजू पत्त्याला आणि तिकिटाला जाते, उरते ती तळहाताएवढी जागा. तीत 'भारत हा विविधतेने नटलेला' वगैरे निबंध बसत नाही आणि बसवूही नये. मी फैजपूरपुरतं लिहितो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं. अध्यक्ष नेहरू, गांधीजी हजर, आणि मंडप-कमानी नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या सामानातून उभारलेल्या. ज्यांनी त्यासाठी रान उठवलं त्या धनाजी नाना चौधरींच्या नावाचं कॉलेज आजही गावात आहे. एवढं सांगितलं की अमेरिकेतला माणूससुद्धा नकाशा उघडतो. आमच्याकडे बीपीची गोळी न्यायला येणारे एक आप्पा आहेत, त्यांचे वडील त्या अधिवेशनात स्वयंसेवक होते. ते मी कार्ड लिहिताना दिसलो की काउंटरवर काठी टेकून उभे राहतात आणि दटावतात, "नेहरूंचं लिही, गांधींचं लिही. केळीचं काय लिहितो भो!" पण आप्पा, तिकडून सगळ्यात जास्त प्रश्न केळीवरच येतात. एका झाडाला एकच घड येतो आणि घड उतरवला की ते झाड कापून टाकतात, हे जर्मनीतल्या दोघांना इतकं नवं होतं की दोघांनीही उद्गारचिन्हांची रांग लावली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही मी जागा उरली तर टाकतो.

नंदुरबारच्या शिरीषकुमारचं मात्र मी सगळ्यांना लिहीत नाही. ९ सप्टेंबर १९४२, हातात झेंडा घेतलेला शाळकरी पोरगा, पोलिसांची गोळी. त्याच्यासोबत आणखी चार पोरं गेली. शुभेच्छांच्या कार्डावर हे कुणाच्याही टेबलावर जाऊन आदळावं असं मला वाटत नाही. ज्याने माहितीत 'इतिहास आवडतो' असं लिहिलंय त्यालाच लिहितो, आणि मग त्या कार्डावर दुसरं काहीच लिहीत नाही.

आता सामानाचं बोलू, कारण इथे नवा माणूस पैसे वाया घालवतो. खान्देशात छापील चित्रकार्ड मिळणं कठीण. अजिंठ्याला गेलात तर लेण्यांची मिळतात, तेवढीच. म्हणून मी फोटो देऊन छापून घेतो : चार बाय सहा इंच, तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, आर्ट कार्ड कागद. पहिल्या खेपेला ज्याच्याकडे छापली त्याने मोठ्या प्रेमाने दोन्ही बाजूंना चकचकीत लॅमिनेशन करून दिलं, वर 'साहेब, पाऊस लागला तरी काही होणार नाही'. पावसाचं माहीत नाही, पण पेनही लागेना. लिहिलेलं बोटाने पुसलं जायचं आणि तिकीट दुसऱ्या दिवशी सुटून यायचं. दुकानदाराचं नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे. तुम्ही छापताना बजावून सांगा : लॅमिनेशन फक्त चित्राच्या बाजूला, मागची बाजू कोरी. जेल पेन नको, शाई पसरते. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, फुकट देऊन जातात ती कंपनीच्या नावाची साधी बॉलपेनं सगळ्यात भारी. माझी कितीतरी कार्डं ॲसिडिटीच्या गोळीच्या जाहिरातीने लिहिली गेली आहेत.

छापायची भानगड नको असेल तर आपलं वर्षानुवर्षं पन्नास पैशांत मिळणारं पिवळं पोस्टकार्ड घ्या आणि फरकाची तिकिटं चिकटवा. परदेशातले हौशी लोक यावर जीव टाकतात. भारतात पोस्टकार्ड आलं १८७९ मध्ये, जगात पहिलं निघालं १ ऑक्टोबर १८६९ ला ऑस्ट्रिया-हंगेरीत; त्या तारखेला हे लोक जागतिक पोस्टकार्ड दिन पाळतात. परदेशी दर बदलत असतो, तो खिडकीवर विचारून घ्यावा. आणि एकाच मोठ्या तिकिटाऐवजी लहान-लहान रंगीत तिकिटं मागावीत. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्यांचं, तिरंगा आणि 'जय हिन्द' असलेलं, आणि ते परदेशी पत्रव्यवहारासाठीच काढलं होतं. म्हणजे देशाने आपली ओळख बाहेर पाठवायला पहिल्यापासून तिकीटच वापरलंय. आपण ते कार्डाच्या कोपऱ्यात तिरकं का चिकटवावं? सरळ लावा. तारखेचा शिक्का स्पष्ट उठावा म्हणून मी कार्ड पेटीत न टाकता हातात देतो. १५ ऑगस्टच्या आधी-नंतरच्या तारखेचा गोल, वाचता येणारा शिक्का हीच तिकडच्या संग्राहकासाठी अर्धी शुभेच्छा असते.

पत्ता मी दुकानाचा दिलाय, घराचा नाही. पत्ता सगळ्यांना दिसत नाही, ज्याला तो निघतो त्यालाच दिसतो. तरी बायका-मुलींनी कामाच्या ठिकाणचा किंवा पोस्ट बॉक्सचा दिला तर बरं. दुकानाचा दिल्याने आणखी एक फायदा झाला. आमचा पोस्टमन कार्ड देण्याआधी स्वतः वाचतो आणि येता येता देश सांगतो. गेल्या खेपेला त्याने चेक प्रजासत्ताक ओळखलं, मला शोधावं लागलं.

एक गुण कापला तो कशासाठी? तीन गोष्टी आहेत. पहिली, देश निवडता येत नाही आणि ठराविक देशच पुन्हा पुन्हा निघतात : जर्मनी, अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, तैवान. ज्या देशांत सभासद जास्त तेच निघणार, त्यात कुणाचा दोष नाही. एकाच देशाला पुन्हा पाठवायचं की नाही याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती बंद-चालू करून बघा. पण घाना, नेपाळ, पेरू असं काही निघेल या आशेवर बसणाऱ्याची निराशाच होते, आणि इंग्रजांच्या तावडीतून सुटलेल्या आपल्यासारख्या देशांशी स्वातंत्र्यदिनाच्या गप्पा मारायची माझी हौस इथे फारशी भागत नाही. दुसरी, साठ दिवसांत कार्ड पोचल्याची नोंद झाली नाही तर ते मुदतबाह्य धरलं जातं. तुमची जागा मोकळी होते, कार्ड नंतर पोचलं तरी नोंदवता येतं, पण स्वातंत्र्यदिनाचं कार्ड गणपती उठल्यावर पोचणं ही शक्यता धरूनच चालावं. तिसरी, सगळा व्यवहार इंग्रजीत. माझं इंग्रजी औषधांच्या नावांवर वाढलेलं आहे, तरी भागतं. साधी वाक्यं लिहिणारे जगात बहुसंख्य आहेत. मी शेवटी मराठीत एक ओळ आणि नाव लिहितो. ती वाचता येत नाही म्हणून कुणी तक्रार केलेली नाही, उलट काहींनी ती ओळ पाटीवर गिरवून फोटो पाठवलाय.

खर्चाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. सेवा फुकट असली तरी कार्ड आणि तिकीट फुकट नाही, महिन्याला चार-पाच कार्डं म्हणजे हौस, पंचवीस म्हणजे व्यसन. शाळेतल्या गुरुजींनी एका वर्गासाठी एकच खातं काढून महिन्याला एक कार्ड पाठवलं तरी भूगोलाचा तास निघेल; आमच्या गल्लीतल्या एका मॅडमनी तसं सुरू केलंय आणि आता पोरं पोस्टमनला अडवतात.

१५ ऑगस्ट डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करायची असेल तर जूनच्या शेवटी नाव नोंदवा, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पाची पत्ते काढा, आणि तिरंग्याची पाच कार्डं एकदम छापून ठेवू नका. दोन तिरंग्याची, तीन दुसऱ्या कशाची तरी. श्रावणात आमच्या खान्देशची कानबाई देवी येते, तिच्या नैवेद्याच्या रोटाचा फोटो चालेल. वांग्याच्या भरताचाही चालेल. जपान निघाला तर कामी येतील.